गेलेल्या विमानाची राहिलेली वावटळ

विमानप्रवास हा आतां आपल्या समाजांत नवलाचा राहिलेला नाहीं. ज्या घरांत एके काळीं काशीयात्रेची वार्ता सहा महिने पुरत असे, त्याच घरांतील मुलें-सुना आज सकाळीं मुंबईस चहा घेऊन निघतात आणि रात्रीं दुसऱ्या खंडांत जेवतात. परंतु या शीघ्रगति वाहनाविषयीं एक गाऱ्हाणें आमच्या कानीं वारंवार येतें. विमान धावपट्टीच्या तोंडाशीं येऊन उभें राहतें. पुढचें अवाढव्य विमान केव्हांच उडून दिसेनासें झालेलें असतें. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. आणि तरीही आपलें विमान जागचें हालत नाहीं. दोन मिनिटें जातात, क्वचित् तीन. खिडकीशीं बसलेले गृहस्थ घड्याळाकडे पाहतात आणि मनांत म्हणतात कीं, ही केवळ सरकारी खाक्याची दिरंगाई!

अशा प्रत्येक खोळंब्याचें कारण एकच असतें असें आम्ही म्हणत नाहीं. कधीं दुसरें विमान उतरत असतें, कधीं पुढें आकाशांत दाटी असते. पण पुढें गेलेलें विमान मोठ्या जातीचें असेल, तर ती धावपट्टी दिसते तशी मोकळी नसते हें निश्चित समजावें. गेलेल्या विमानानें तेथें कांहीं ठेवलेलें असतें. तें डोळ्यांस दिसत नाहीं एवढेंच. आणि 'वारा पडलेला आहे' ही जी गोष्ट त्या गृहस्थांस निश्चिंत करिते, तीच वैमानिकास अधिक सावध करिते. हें कसें, तें या महिन्यांत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठ्या विमानाच्या मागें हवा खवळते ती इंजिनांच्या झोतामुळें, अशी पुष्कळांची समजूत असते. जुन्या पिढीतील वैमानिकही सारा दोष विमानाच्या फिरत्या पंख्यावर टाकीत असत. इंजिनाचा झोत असतो खरा, आणि जमिनीवर उभें असलेल्या मनुष्यास तो घातकही होतो. पण तो लवकर विरतो. मागें टिकून राहणारी जी वावटळ, ती विमानाच्या पंखांची संतति होय. पंखांच्या खालीं हवेचा दाब अधिक आणि वर कमी, म्हणून विमान हवेंत तरतें. आतां दाबांत भेद असला म्हणजे हवा अधिक दाबाकडून कमी दाबाकडे धांवणारच. पंखाच्या मधल्या भागांत तिला वाट नाहीं. टोकाशीं मात्र तिला अडविणारें कोणी नसतें. तेथून ती खालून वर वळते, आणि विमान पुढें निघून गेलें तरी वळतच राहते. अशा रीतीनें विमानाच्या मागें दोन आडवे भोवरे लांबच लांब पसरलेले राहतात. मागून पाहिलें असतां डावा भोवरा घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरतो, उजवा त्याच्या उलट. दोहोंच्या मधली हवा खालीं लोटली जाते आणि बाहेरच्या बाजूंची वर उचलली जाते. करकोच्यांचे थवे बाणाच्या आकारानें उडतात तें या बाहेरच्या, वर चढणाऱ्या हवेचा लाभ मागच्या पक्ष्यास मिळावा म्हणून. पक्ष्यांची ही युक्ति मनुष्यासही सुचली आहे: ९ नोव्हेंबर २०२१ रोजीं, दोन मोठीं एअरबस विमानें फ्रान्समधील तुलूझहून कॅनडांतील माँट्रियलपर्यंत एकामागून एक अशीं सुमारें तीन किलोमीटर अंतर राखून नेण्यांत आलीं आणि इंधनाची बचत झाली. पण ती परीक्षा होती. नित्याचा व्यवहार नव्हे.

संस्कृतांत भोवऱ्यास 'आवर्त' म्हणतात. वृत् म्हणजे वळणें, या धातूपासून तो शब्द आला. येथें तो फार चांगला बसतो. इंग्लंडांत लँचेस्टर यांनीं १९०७ सालच्या आपल्या ग्रंथांत आणि जर्मनींत प्राण्ट्ल यांनीं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस या आवर्तांचा सिद्धांत मांडला. त्याचें सार इतकेंच कीं, हीं आवर्तें म्हणजे कारागिरीचा दोष नव्हे. पंखाचें टोक कितीही कुशलतेनें घडवा, तीं कमी-अधिक होतील, पण नाहींशीं होणार नाहींत. कारण विमानाचें वजन ज्यानें तोलून धरलें आहे, त्याच क्रियेची ती दुसरी बाजू आहे. हवेवर जितकें ओझें टाकावें, तितकी हवा खालीं लोटावीच लागते.

हिशेब करून पाहूं, पाटी-पेन्सिल पुरेल. बोईंग ७४७-४०० या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारें ६४ मीटर, आणि उतरतांना त्याचें वजन जास्तींत जास्त सुमारें २८५ टन. उतरण्याचा वेग ताशीं २९० किलोमीटरच्या आसपास धरूं. दोन भोवऱ्यांच्या केंद्रांतील अंतर हें पंखविस्ताराच्या पाऊणपटीहून किंचित् अधिक, म्हणजे येथें ५० मीटर होतें. वजनास हवेची घनता, वेग व हें अंतर यांच्या गुणाकारानें भागलें म्हणजे भोवऱ्याचें सामर्थ्य निघतें. त्यावरून असें दिसतें कीं, केंद्रापासून १० मीटरांवर हवा ताशीं सुमारें ३३ किलोमीटर वेगानें फिरत असते, आणि ५ मीटरांवर त्याच्या दुपटीनें. हा कांहीं वादळी वारा नव्हे, असें कोणी म्हणेल. पण हा वारा एका दिशेचा नाहीं, हें विसरूं नये. केंद्राच्या एका अंगास तो वर जातो आणि दुसऱ्या अंगास खालीं. ज्याच्या पंखांचा सगळा विस्तार दहा-अकरा मीटर, असें लहान विमान नेमकें त्या केंद्रांत शिरलें, तर त्याचा एक पंख वर उचलला जातो आणि दुसरा खालीं दाबला जातो. वैमानिकानें आपलीं सर्व साधनें एका बाजूस वळविलीं तरी तें त्या वळणास पुरें पडत नाहीं, आणि विमान कुशीवर पडतें. उंच आकाशांत सावरण्यास अवकाश असतो. जमिनीपासून दोनशें फुटांवर तो नसतो.

याच हिशेबांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट लपलेली आहे. भागाकारांत वेग खालीं आहे. म्हणजे विमान जितकें सावकाश, तितका भोवरा बलवान्. जें विमान जड आहे आणि सावकाश चाललें आहे, तें सर्वांत वाईट. आणि उड्डाण व अवतरण यांच्या वेळीं प्रत्येक विमान नेमकें तसेंच असतें.

हे दोन भोवरे जागच्या जागीं राहत नाहींत. डावा भोवरा उजव्यास खालीं ओढतो आणि उजवा डाव्यास. अशा रीतीनें दोघेही एकमेकांस धरून खालीं जातात. आमच्या उदाहरणांत तो वेग सेकंदास १.८ मीटर, म्हणजे मिनिटास सुमारें ३५० फूट येतो. म्हणून लहान विमानाच्या वैमानिकास शिकवितात कीं, पुढील मोठ्या विमानाच्या मार्गाच्या वर राहा, खालीं जाऊं नकोस. तें जेथें जमिनीस टेंकलें त्याच्या पुढें टेंक, आणि तें जेथें जमीन सोडून उठलें त्याच्या अलीकडेच तूं ऊठ.

आतां मुख्य प्रश्न. हा भोवरा विरतो कसा?

सामान्य बुद्धीस पहिल्यानें सुचतें तें घर्षण. घंगाळांतील पाणी हातानें गरगर फिरवून सोडून दिलें, तर तें थोड्या वेळानें स्वस्थ होतें. त्याचप्रमाणें हवेचें झालें पाहिजे. परंतु घंगाळास तळ आहे आणि कांठ आहेत; त्यांवर घासून पाणी थकतें. आकाशांतील भोवऱ्यास कांठ नाहीं. त्यानें घासावयाचें तें हवेशींच, आणि हवेचा चिकटपणा, ज्यास शास्त्रीय परिभाषेंत श्यानता म्हणतात, अत्यंत अल्प आहे. तो किती अल्प, हें आकड्यांतच पाहिलें पाहिजे. केवळ श्यानतेच्या योगें भोवऱ्याचा गाभा १०० सेकंदांत जेमतेम ८ सेंटिमीटर पसरतो. म्हणजे आपलीं चार बोटें! आणि हा पसर काळाच्या प्रमाणांत वाढत नाहीं, काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे दुप्पट पसरावयास चौपट वेळ लागतो. पन्नास मीटरांवर असलेल्या आपल्या जोडीदारापर्यंत तो याच गतीनें पोंचून दोघांनीं एकमेकांस खोडून काढावें असें म्हटलें, तर सुमारें सोळा महिने लागतील. प्रत्यक्षांत भोवरा सोळा महिने तर राहोच, बहुधा दोन-तीन मिनिटांपलीकडे टिकत नाहीं. तेव्हां त्यास मारणारें कोणी दुसरें असलें पाहिजे.

तें पहिलें म्हणजे भोंवतालच्या हवेची स्वतःची अस्वस्थता. दुपारच्या उन्हांत तापलेल्या जमिनीवरून हवेचे लहानमोठे लोट वर चढत असतात. वारा वाहतांना झाडांवरून, घरांवरून ठेंचाळत येतो. हे लहान भोवरे त्या मोठ्या भोवऱ्यास सर्व बाजूंनीं चावे घेतात, त्याच्या नीटस वळ्या विसकटून टाकतात, आणि त्याची शक्ति लहान, अधिक लहान, अशा तुकड्यांत वांटली जाते. अगदीं लहान तुकड्यांवर मात्र श्यानतेची मात्रा चालते. तेथें त्या शक्तीची उष्णता होऊन जाते. म्हणजे घर्षणच शेवटीं काम करितें, पण त्यास आधीं घास बारीक करून द्यावा लागतो. यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, वारा पडलेला असणें येथें शुभ कां नाहीं. सायंकाळीं हवा थबकली, झाडाचें पान हालत नाहीं, अशा वेळीं भोवऱ्यास उपद्रव देणारें कोणी नसतें आणि तो दीर्घायु होतो. खवळलेल्या हवेंत प्रवाशास धक्के बसतात, पण मागचीं आवर्तें लवकर मरतात. शांत हवेंत प्रवास सुखाचा, पण तीं आवर्तें जिवंत. विमानांत धक्के बसूं लागले म्हणजे रामरक्षा म्हणणाऱ्या वडील मंडळींस हें ऐकून थोडें समाधान वाटावें.

दुसरा मारणारा बाहेरचा नव्हे, घरचाच आहे. तो म्हणजे जोडीदार भोवरा. दोन्ही भोवरे समांतर, सरळ असे सुरू होतात. परंतु हवेच्या लहानशा हेलकाव्यानें एकास किंचित् बांक आला, कीं तो बांक दुसऱ्याच्या आकर्षणानें वाढतो. दुसऱ्याचा पहिल्याच्या आकर्षणानें. नागमोडी वाढत वाढत जातात, आणि शेवटीं ठराविक अंतरांवर दोन्ही भोवरे एकमेकांस शिवतात. शिवले कीं तुटतात. आतां जर्मन पंडित हेल्महोल्ट्झ यांनीं १८५८ सालींच दाखवून दिलें होतें कीं, भोवऱ्याचें सूत द्रवांत अगर वायूंत मध्येंच संपूं शकत नाहीं. त्यानें कोठें तरी कांठास टेंकावें, नाहीं तर स्वतःशींच जुळून कडें व्हावें. येथें कांठ नाहीं. तेव्हां तुटलेलीं टोंकें समोरच्या भोवऱ्याच्या टोंकांशीं जुळतात आणि दोन लांब दोरांच्या जागीं कड्यांची माळ तयार होते. हीं कडीं डोलत डोलत लवकरच छिन्नभिन्न होतात. स्टीव्हन क्रो या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७० सालीं या अस्थिरतेचें गणित प्रसिद्ध केलें; तें विद्वानांत त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. त्याच्या गणितानें नागमोडीच्या एका वळणाची लांबी भोवऱ्यांमधील अंतराच्या साडेआठ पटीहून थोडी अधिक निघते; म्हणजे आमच्या उदाहरणांतील पन्नास मीटरांस सव्वाचारशें मीटरांहून कांहींसें अधिक.

ही गोष्ट पाहावयास प्रयोगशाळा लागत नाहीं. हिंवाळ्यांतील स्वच्छ सकाळीं गच्चीवर उभें राहून, फार उंचावरून जाणाऱ्या विमानाच्या मागें उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा पाहाव्या. इंजिनांतून निघालेल्या वाफेचे हिमकण या भोवऱ्यांत गुरफटतात, म्हणून एरवीं अदृश्य असलेले भोवरे तेथें दिसूं लागतात. विमान पुढें गेल्यावर मुलें कंटाळून खालीं जातात. तसें करूं देऊं नये. एक-दोन मिनिटें त्याच रेघांकडे पाहत राहिल्यास, हवा अनुकूल असेल तर, सरळ जोडरेघा लहरी घेतांना, मग जागोजाग एकमेकींस मिळतांना आणि शेवटीं मण्यांच्या माळेसारख्या तुटतांना दिसतील. शाळेंतील पुस्तकांत न सांपडणारा धडा आहे, आणि तो फुकट आहे.

तिसरें कारण हवेच्या थरांचें आहे. भोवऱ्यांची जोडी खालीं उतरतांना आपल्या पोटांतील हवा बरोबर घेऊन जाते. खालीं दाब अधिक, म्हणून ती हवा दबून ऊन होते. खालचे थर जर थंड व स्थिर असतील, तर ही पाहुणी हवा त्यांच्याहून हलकी ठरते आणि परत वर जाऊं पाहते. तिच्या या ओढाताणींत भोवऱ्यांच्या कडेस उलट दिशेचें वळण उत्पन्न होतें. उतरणें मंदावतें आणि भोवऱ्याचें आयुष्यही घटतें.

या सर्वांचा परिणाम म्हणून भोवरा ज्या रीतीनें मरतो, ती रीत फार महत्त्वाची आहे. कढत दूध जसें हळूहळू निवत जातें, तसा भोवरा सारख्या गतीनें दुबळा होत नाहीं. प्रथम पुष्कळ वेळ तो जवळ जवळ पूर्ण शक्तीनिशीं फिरत राहतो; त्याचा ऱ्हास इतका मंद कीं, नसल्यासारखा. मग आंतून पोखरण पूर्ण झाली कीं तो थोडक्या वेळांत ढांसळतो. मातीची भिंत सबंध पावसाळाभर भिजत उभी असते आणि भाद्रपदांतील एखाद्या दिवशीं एकदम बसते, तसाच हा प्रकार. आज किरणांच्या परावर्तनावरून हवेचा वेग मोजणारीं लिडार नांवाचीं यंत्रें अनेक विमानतळांजवळ लावून हजारों भोवरे मोजलेले आहेत, आणि त्यांत हीच दोन पायऱ्यांची चाल दिसून येते. म्हणूनच "एक मिनिट झालें, आतां निम्मा उरला असेल" हा अडाणी हिशेब येथें घातुक ठरतो. एक मिनिट झाल्यावर तो जवळ जवळ सगळाच उरलेला असूं शकतो.

हें ज्ञान स्वस्तांत मिळालेलें नाहीं. ३० मे १९७२ रोजीं अमेरिकेंत, टेक्सस प्रांतांतील फोर्ट वर्थ येथें एक डीसी-९ विमान सरावासाठीं उतरत होतें. त्याच्या पुढें डीसी-१० जातीचें, पुष्कळच मोठें विमान त्याच धावपट्टीस टेंकून पुन्हां उठून गेलें होतें. लहान विमान धावपट्टीजवळ येतांच डोलूं लागलें, उजव्या अंगावर कलंडलें, पंखाचें टोक जमिनीस लागलें आणि तें उलटें झालें. आंत चार माणसें होतीं; चारही गेलीं. तीं सर्व विमानविद्येंतलीं जाणतीं माणसें होतीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. या अपघातानंतर मोठ्या विमानामागें किती अंतर ठेवावें, या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टीच पालटली.

अंतराचे जे आंतरराष्ट्रीय नियम रूढ झाले, त्यांत विमानांच्या जाती वजनावरून ठरविल्या: १३६ टन व त्याहून अधिक तें जड, ७ टनांपर्यंतचें हलकें, मधलें मध्यम. जडामागें जड उतरत असेल तर चार सागरी मैल, मध्यम असेल तर पांच, हलकें असेल तर सहा. उड्डाणाच्या वेळीं जडामागून निघणाऱ्या मध्यम व हलक्या विमानानें दोन मिनिटें थांबावें. धावपट्टीच्या मध्यावरूनच उड्डाण सुरू करावयाचें असेल तर तीन. पुढें ए३८० हें प्रचंड विमान आलें. त्याच्यासाठीं आणखी एक वरची पायरी करावी लागली आणि त्याच्यामागें उतरतांना अनुक्रमें सहा, सात व आठ मैल ठेवण्यांत येऊं लागले.

नियम चांगले, पण वजनाची रेघ म्हणजे रेघच. बोईंग ७५७ या विमानाचें वजन ११५ टनांच्या आसपास, म्हणून तें खालच्या वर्गांत बसलें. परंतु त्याचीं आवर्तें मात्र त्या वर्गास शोभणारीं नव्हतीं. १८ डिसेंबर १९९२ रोजीं माँटाना प्रांतांतील बिलिंग्ज येथें त्याच्यामागून उतरणारें एक लहान विमान कोसळून आठ माणसें दगावलीं. वर्ष पुरें होण्याच्या आंत, १५ डिसेंबर १९९३ रोजीं, कॅलिफोर्नियांतील सँटा ॲना येथें तशाच प्रकारें पांच. त्यानंतर १९९४ सालीं अमेरिकेनें या एका विमानासाठीं स्वतंत्र अंतर ठरविलें. तराजूच्या कांट्यावर विसंबून वर्गवारी करणाऱ्यांनीं हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. शाळेंतही केवळ वय पाहून इयत्ता ठरविणारे आम्हांस भेटले आहेत.

कधीं कधीं आवर्त स्वतः मारीत नाहीं. त्याला दिलेलें उत्तर मारतें. १२ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कहून निघालेलें एक एअरबस ए३०० विमान पुढें गेलेल्या ७४७ च्या आवर्तांत सांपडलें. चौकशीमंडळानें पुढें ठरविलें कीं, त्या आवर्तांत विमान मोडण्याइतकें सामर्थ्य नव्हतें. सावरण्याकरितां सुकाणू डावीं-उजवीकडे वारंवार आणि अवास्तव जोरानें फिरविलें गेल्यामुळें शेंपटीचा उभा पंख तुटून पडला. त्या सुकाणूची रचना आणि वैमानिकांस मिळालेलें शिक्षण यांचाही त्यास हातभार लागला, असाही निर्णय झाला. विमानांतील २६० आणि जमिनीवरील पांच, अशीं २६५ माणसें गेलीं.

आणि हा धोका विमानतळाजवळच असतो असेंही नाहीं. ७ जानेवारी २०१७ रोजीं आपल्याच अरबी समुद्रावर, मालदीवहून जर्मनीस जाणारें एक खाजगी चॅलेंजर विमान सुमारें ३४,००० फुटांवरून चाललें होतें. समोरून एक हजार फूट उंचीवरून ए३८० गेलें. नियमाप्रमाणें हें अंतर पुरेसें होतें. भेट झाली आणि संपली. पण मागें राहिलेला भोवरा उतरत होता. एक मिनिटही पुरें झालें नसेल, तोंच त्यानें चॅलेंजरला गांठलें. विमानानें कोलांट्या खाल्ल्या, आंतील माणसें छतावर आपटून जखमी झालीं, आणि आठ हजार फुटांहून अधिक खालीं आल्यावर वैमानिकांस तें सांवरतां आलें. एक इंजिन बंद करावें लागलें होतें. विमान मस्कतला सुखरूप उतरलें, पण पुन्हां उडण्याच्या योग्यतेचें राहिलें नाहीं. आमच्या आधींच्या हिशेबावरून वाचकांनीं पाहावें: मिनिटास तीन-चारशें फूट उतरणाऱ्या भोवऱ्यास हजार फूट उतरावयास दोन-तीन मिनिटें लागावीं; मग तो इतक्या लवकर कसा भेटला? विरळ हवेंत, तितक्या जड विमानामागें उतरण्याचा वेग अधिक असतो हें एक. आणि फिरणाऱ्या हवेचा घेर केंद्राच्या पुष्कळ खालींपर्यंत पोंचतो हें दुसरें. पाटीवरचा हिशेब दिशा दाखवितो, सेकंद मोजून देत नाहीं.

मग सरसकट पांच-पांच मिनिटें कां थांबूं नये? येथें दुसरें पारडें पाहिलें पाहिजे. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींस छेदतात. म्हणून दोन्ही एकाच वेळीं स्वतंत्रपणें चालवितां येत नाहींत. अशा ठिकाणीं प्रत्येक वाढीव मिनिट म्हणजे मागें आकाशांत घिरट्या घालणारीं विमानें, जळणारें इंधन आणि चुकणाऱ्या गांठी. थांबणें फुकट नसतें. म्हणून किती थांबावें हें जाणणें मोलाचें. अमेरिकेनें २०१२ सालीं मेम्फिस येथें वजनाबरोबर पंखविस्तारही जमेस धरून सहा वर्गांची नवी वांटणी सुरू केली, आणि जेथें अंतर अनाठायीं मोठें होतें तेथें तें कमी केलें. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०१५ पासून अंतर मैलांऐवजीं वेळांत मोजतात. समोरून जोराचा वारा असला म्हणजे तेवढेच मैल तोडावयास विमानास अधिक वेळ लागतो. आणि तशा वाऱ्यांत भोवरे वाहूनही जातात व लवकर मोडतातही. अशा दिवशीं जुने मैल धरून बसणें म्हणजे पंचांग न पाहतां गेल्या वर्षींच्या तारखेस एकादशी करण्यासारखें आहे. ही सुधारणा आम्हांस फार पटते. मोजून थोडें थांबणें हें न मोजतां पुष्कळ थांबण्याहून बरें; मात्र न मोजतां थोडें थांबणें याहून वाईट कांहीं नाहीं.

जमिनीजवळ भोवऱ्याचें वर्तन आणखी निराळें होतें. खालीं जाण्यास वाव उरला नाहीं म्हणजे दोन्ही भोवरे एकमेकांपासून दूर, धावपट्टीच्या दोहों अंगांस सरकूं लागतात. हें चांगलेंच, धावपट्टी आपोआप मोकळी होते. पण आडवा वारा जर हलका, ताशीं पांच-सात किलोमीटरांचा असेल, तर वाऱ्याकडचा भोवरा जितका बाहेर जाऊं पाहतो तितकाच वारा त्यास आंत ढकलतो, आणि तो धावपट्टीवरच ठाण मांडतो. जोराच्या वाऱ्याची भीति सर्वांस कळते. या मंद झुळुकेची भीति शिकवावी लागते. उलट, जमीन भोवऱ्याची शत्रुही आहे. तिच्याशीं घासून उलट दिशेचे लहान भोवरे सुटतात आणि मोठ्यास वेढून त्याचा नाश करूं पाहतात.

जमिनीच्या या शत्रुत्वास थोडें साहाय्य करावें, अशी कल्पना जर्मनीच्या विमान व अंतराळ संशोधनसंस्थेंतील शास्त्रज्ञांस सुचली. २०१९ सालीं त्यांनीं व्हिएन्नाच्या विमानतळावर, विमानें ज्या मार्गानें उतरतात त्याच्या खालीं, धावपट्टीच्या अलीकडे उभ्या फळ्यांच्या रांगा मांडल्या. फळ्या साध्याच, त्यांत यंत्र नाहीं, वीज नाहीं. उतरत्या विमानाचा भोवरा जमिनीजवळ येऊन त्या फळ्यांवरून फिरला, कीं प्रत्येक फळीवरून उलट दिशेचा भोवरा सुटतो, मोठ्यास विळखा घालतो आणि त्याच्या अंगावरून दोन्ही बाजूंस धांवत जातो. मापनांत असें आढळलें कीं, जे भोवरे एरवीं फार वेळ टिकून राहिले असते, त्यांचेंच आयुष्य या फळ्यांमुळें विशेष घटलें.